सहावा आकडा

शेवटच्या संध्याकाळी मी आणि सर त्यांच्या ओट्यावर भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होतो. सर मिरचीगणिक शिंकत, आणि शिंक झाली की विचारत, "येते कुठून?"

त्यांचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत गेलं. कॉलेजात फिजिक्स शिकवलं, रिटायर झाले, तरी तेच. वस्तूला वजन येते कुठून? मी चौथी पास, धान्यबाजारात मापाडी. मला वाटायचं, वजन काट्यातून येतं, शिकलेल्या माणसाला एवढंही समजत नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. भाजीच्या ठेल्यावरचं कोहळं उचलून सर माझ्या हातात द्यायचे. मी म्हणायचो, सव्वादोन किलो. काट्यावर तेवढंच भरलं की सर पोरासारखे खूश.

माझी बायको गेली तेव्हा लोक आत्मा अमर असतो असं सांगून गेले. सरांना मी विचारलं, बावन्न किलोची बाई, अस्थी उचलल्या तर हाताला वजन काहीच लागलं नाही, बाकीची गेली कुठं? धूर झाला, म्हणाले, दुसरं काय. मग सांगितलं, अणूच्या पोटात क्वार्क असतात. त्यांचं स्वतःचं वजन शंभरातलं एखादंच, बाकी सगळं त्यांच्या आतल्या आत चाललेल्या धावपळीचं. "वहिनी जाग्यावर कधी बसल्या का गा?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो. रडलोही, लपवत नाही.

क्वार्क सहा जातींचे. ज्याचं त्याचं वजन तेवढंच का, हे कोणालाच माहीत नाही म्हणे. सर त्याचं गणित वीस वर्षं मांडत होते. अखेर कॉलेजानं भाषणाला बोलावलं, मिरच्या खुडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. त्या संध्याकाळी शिंकता शिंकता सांगू लागले, पाच वजनं गणितातून आपोआप निघतात. सहावं, सगळ्यात जड, तेवढं चुकीचं येतं. तिथं त्यांनी आकडा हातानं टाकला होता.

"मंग पारड्याले आंगठा लावला म्हना," मी म्हटलं.

सर देठासकट मिरच्या पाटीत टाकत राहिले. मला वाटलं, म्हातारा रागावला. उठताना म्हणाले, "उद्या सांगतोच पोराईले. तू येजो, मांगं बसजो. मी कचरलो तं खोकलजो."

पहाटे त्यांच्या मुलीनं माझं दार वाजवलं. सर झोपेतच गेले होते.

बारा वाजता न्यायचं ठरलं. मी दहाला कॉलेजात गेलो. हॉल भरलेला. प्रिन्सिपलनं सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं, मग सांगू लागले की सरांनी सहाही वजनांचं कोडं सोडवलं. मी खोकललो. कोणी बघेना, म्हणून उभा राहिलो.

"पाचच. सहावा आकडा हातानं टाकला व्हता. सर आज हेच सांगनार व्हते."

सगळे माझ्या मळक्या पायजम्याकडं पाहू लागले. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "काकाजी, हातानं नाही टाकला तर काय येते?"

"चूक येते," मी म्हटलं.

ती वहीत लिहू लागली. मी तिरडी बांधायला निघालो.