गोदाक्का आणि रक्ताचा रिपोर्ट

माझी थोरली बहीण गोदाक्का मैसूरला पंचवीस वर्षं मुलींना शिवण शिकवतेय. मी तापट, ती सोशिक. सोशिक म्हणजे किती, तर भाताची पेज गाळताना मनगट मोडलं, तरी आधी पातेलं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि मग रिक्षा बोलवायला सांगितलं.

पन्नाशीच्या आत हे तिचं तिसरं हाड मोडलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे घराण्यातून आलेलं दिसतंय, आमचं त्यावर संशोधन चाललंय, घरच्यांचंही रक्त द्या. अक्कानं दिलं, तिच्या मुलीनं, तुंगानं दिलं, आणि तुंगाशी लग्न ठरलेल्या मालोजीनंही दिलं. मालोजी म्हणजे आमच्या थोरल्या भावाचा, भुजंगण्णाचा मुलगा. आमच्यात मामाच्या घरी मुलगी देणं हा मान. आमचे आईवडील तर स्वतःच मामा-भाची!

लग्नाला बारा दिवस असताना रिपोर्ट आला. एकाच जनुकातला तोच दोष अक्कात, तुंगात आणि मालोजीतही. एका बाजूनं आला तर हाडं नुसती ठिसूळ. आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल आंधळं होतं आणि त्याची हाडं नुसत्या उचलण्यानंही मोडतात. चारातल्या एका मुलाला तो धोका.

अक्का कागद घेऊन मेटगळ्ळीला अण्णाकडे निघाली. मीही गेले. अण्णापुढे तिचं कधी तोंड उघडत नसे, मला धास्ती वाटत होती.

अण्णानं रिपोर्ट वाचला आणि टीपॉयवर आपटला. "अय्यो, हाडं ठिसूळ म्हणे! आपले पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. पत्रिका वाटून झाल्यात, गोदू. आणि चारातली तीन तर धडधाकट होतील ना?"

"अण्णा, काहीतरीच काय बोलतोस!" मी उसळले.

"तू मध्ये पडू नको, सुम्ने बस, गप्प!"



तेवढ्यात अक्का म्हणाली, "अण्णा, त्या चारातला चौथा आपला खंडू होता."

खंडू आमचा भाऊ, माझ्या जन्माआधीच गेलेला. मला एवढंच ठाऊक, की तो आंधळा होता आणि नऊ वर्षांच्या गोदूनं त्याला हातातून पाडलं, त्यातच तो गेला. अम्मा मरेपर्यंत तेच सांगत राहिली. अक्कानं कुणाचं तान्हं मूल कधी घेतलं नाही. तुंगालासुद्धा अक्काच्या सासूनंच वाढवलं. आणि मी मेली तिला निष्ठुर म्हणायचे!

"मी त्याला पाडलं नव्हतं रे," अक्का म्हणाली. "रडत उठला म्हणून काखेत हात घालून उचललं, तर काट्‌कन वाजलं. सगळ्यांना सांगत होते, कुणी ऐकलं नाही. मग मलाच वाटायला लागलं, पाडलंच असेल मी."

अण्णा खाली बघत होता. म्हणाला, "मी त्या दिवशी तुला पट्ट्यानं मारलं होतं, गोदू."

"माझं जाऊ दे. तुंगाला तरी तिचं पोर निर्धास्त उचलून घेऊ दे."

मग अण्णानं फोन घेतला आणि कल्याणमंडपवाल्याला कन्नडमध्ये सांगितलं, लग्न होणार नाही.