विश्रांतीआधीच लावलेला टिळा

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. सेतुराव ज्या चुकीचं ओझं मनावर घेऊन गेले, ती त्यांची नव्हती. माझी होती. काही आठवड्यांपूर्वी सकाळीच त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा फोन आला, "तुमचे सेतुराव गेले हो…" आणि दुःखाच्याही आधी मनात आलं ते हेच, की आता त्यांना सांगायचं राहिलंच.

सेतुराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, राहायला वेस्ट मांबलमला. मी नोकरीसाठी साताऱ्याहून चेन्नईत आलो तेव्हा नुंगंबाक्कमच्या आमच्या लहानशा कंपनीत मराठी बोलणारे ते एकटेच. तेही तमिळच्या चालीवर, मध्येमध्ये 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं' म्हणत. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "हस तंबी, हस," ते म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "तुझी मराठी पेपरातली, आमची राजाच्या वेळची. आता सांग, थोरली कोण?" आमचं काम म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबची संगणकाची कामं आमच्या सर्व्हरवर चालवायची. सर्व्हर तीन, आणि एकेकाच्या पोटात अनेक लॅबची व्हर्च्युअल मशीनं. हे सगळं त्यांनी मला कॉफी पितापिता समजावलं होतं. "व्हर्च्युअल मशीन म्हणजे फ्लॅट, कंटेनर म्हणजे ट्रिप्लिकेनच्या मॅन्शनमधली, म्हणजे लॉजमधली, ब्रह्मचाऱ्याची खोली. भाडेकरू कोण का असेना, खालचा पाया पक्का हवा. आपण पाया निवडणारे."

आणि निवडायचे कसे! विक्रेत्याचं चकचकीत पत्रक ते उघडतही नसत. मशीन चालू करायला लावायचे, पाठीमागे जायचे आणि दोन वीजपुरवठ्यांपैकी एकाची वायर सरळ उपटायचे. विक्रेत्याचा चेहरा पडायचा. मशीन चालू राहिलं, की पंख्याच्या आवाजाकडे कान. मग प्रश्न, "डिस्क एकाच खोक्यातल्या नाहीत ना? एकत्र जन्मलेल्या एकत्र मरतात, बाबा." आणि शेवटचा ठरलेला, "बिघडलं तर सुटा भाग चेन्नईत मिळणार की सिंगापूरहून येणार? तो बसवणारा माणूस राहतो कुठे? अड्यारला? मग पाणी तुंबल्यावर काय होडीतून येणार?" मी कोपऱ्यात उभा राहून हसू दाबायचो… फार चांगले दिवस होते ते.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांचा एक शिरस्ता होता. तिकडे त्या दिवशी हत्यारांना, यंत्रांना विश्रांती देतात. सेतुराव ती शब्दशः द्यायचे. एकेक सर्व्हर पाळीपाळीने बंद करायचा; त्याच्यावरचं सगळं उरलेल्या दोघांनी पेललं पाहिजे, एकाही लॅबला कळता कामा नये. बंद केलेलं मशीन पुन्हा नीट उभं राहिलं, की मगच त्याला चंदन-कुंकवाचा टिळा. "मरणार नाही असं मशीन देवानेसुद्धा बनवलं नाही," ते म्हणायचे. "एक गेलं म्हणून घर बसू नये, एवढंच बघायचं." पूजेनंतर चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटायचं कामही त्यांचंच.

एका वर्षी पूजेच्या वेळी ते बहिणीच्या आजारपणासाठी तंजावरला गेले आणि सगळं माझ्यावर सोपवलं. त्याआधीचे कित्येक महिने मी त्यांना न विचारता नव्यानव्या लॅब त्या सर्व्हरवर चढवत होतो. वरिष्ठ खूश होते, मीही होतो. आता एक जरी मशीन बंद केलं तरी बाकीची दोन टिकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी एकही बंद केलं नाही. तिघांना नुसते टिळे लावले. फोनवर त्यांनी विचारलं, "विश्रांती दिलीस ना रे दिनकर?" मी म्हणालो, "दिली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

पुढे एका सकाळी त्यातलं एक मशीन खरंच बंद पडलं. काही मिनिटांत उरलेली दोन धापा टाकत बसली. दिवसभर सगळ्या लॅब ठप्प, लोक रिपोर्टसाठी ताटकळत. बैठकीत प्रश्न आला, "ही मशीनं निवडली कुणी?" सेतुराव उभे राहिले. "मी." त्यांचा हिशेब सरळ होता. पूजेला भार पेलला, मग आता नाही पेलला, म्हणजे मशीनंच कच्ची, म्हणजे निवड चुकली. माझ्या शब्दावर त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही. मी समोरच्या टंबलरमधल्या कॉफीवर साय धरताना बघत बसलो…

त्यानंतर त्यांनी एकही मशीन निवडलं नाही. कुणी सल्ला मागितला तर म्हणायचे, "माझा हात आता भरवशाचा नाही." निवृत्तही लवकरच झाले, आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. पुढे ते तीन सर्व्हर मोडीत काढायची वेळ आली तेव्हा कोलमडलेल्या दोघांपैकी एक त्यांनी मागून घरी नेलं.

परवा मांबलमला गेलो. खिडकीजवळ पाटावर ते मशीन अजून तसंच आहे, झाकण उघडं, बाजूला स्क्रूंची वाटी. "दर रविवारी उघडून बसायचे," वहिनी म्हणाल्या. "मी विचारायची, एवढं काय शोधता? म्हणायचे, माझं चुकलं कुठे ते. सापडलं काही नाही." मग मशीनच्या पुढच्या पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "धूळ पुसायचे, पण हा टिळा सांभाळून. दिनकरने लावलेला, म्हणायचे." फिकट झालेलं ते कुंकू तेवढं जपलेलं होतं. मी मान खाली घालून कॉफी प्यालो आणि निघालो.

सेतुराव, तुमची निवड बरोबर होती. त्या मशीनमध्ये शोधण्यासारखं काही नव्हतंच.

वहिनींना देवनागरी वाचता येत नाही. तिकडच्या कित्येक मराठी घरांसारखं त्या मराठी बोलतात, पण लिहितात-वाचतात तमिळ. त्यामुळे हे इथे छापून आलं म्हणून मी मोकळा झालो नाही. हा लेख त्या मशीनशेजारी बसून, वहिनींना मोठ्याने वाचून दाखवायचा आहे. तेवढं मी अजून देणं लागतो.