पदराखालची शाळा

चाकणच्या बाजारात बैलाआधी बातमी खपायची. १९५६ साली कुरुळीच्या इंद्रायणीनं हेडी दत्तोबाच्या उपरण्याखाली हात घालू द्या म्हटलं, ही बातमी दुपारच्या आत गावभर झाली. दिवेलागणीपर्यंत तिनं तो घातलाच होता असं सांगणारे साक्षीदारही तयार झाले. गावची बातमीदार अंबुबाई त्या दिवशी माहेरी गेली होती, तरी तिनं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

खरं काय घडलं ते असं.

इंद्रायणी बावीस वर्षांची, अंगानं काडी आणि जिद्दीनं पहार. मुक्याबहिऱ्या मुलांना शिकवायचं वर्षभराचं शिक्षण घेऊन ती मुंबईहून परतली, तेव्हा अंबुबाईनं तिला पारावरच गाठलं.

“बहिऱ्याला शिकवायला वरीस लागतं व्हय गं? माझा नवरा चाळीस वर्सं ऐकत न्हाई, मला दिलं का कुणी सर्टिफिकेट?”

इंद्रायणी हसली. गावाच्या चेष्टेवर रागावण्याइतका वेळ तिच्यापाशी नव्हता. धर्मशाळेच्या ओवरीत तिनं वर्ग मांडला. पोरं चार, परवानगी सहा महिन्यांची. तपासणीस अर्जुनरावांनी बजावलं होतं, “सहा महिन्यांत एका तरी मुलाच्या तोंडून एक शब्द ऐकू आला पाहिजे. नाहीतर वर्ग बंद.” आणि वर्ग बंद म्हणजे ही चारही पोरं पुन्हा गोठ्याच्या कोपऱ्यात, जन्मभर.

मुंबईत जे शिकवलं त्यात खोट नव्हती. आरशात ओठ कसे दाखवायचे, ‘प’ म्हटलं की मेणबत्तीची ज्योत कशी हलते, घशावर तळवा ठेवून आवाजाची थरथर कशी कळते, सगळं तिनं वहीत नेटकं उतरवून आणलं होतं. पहिल्या पानावर तांबड्या शाईत पहिला नियम होता: हातवारे बंद. हात बोलायला लागले की जीभ आळसावते. म्हणून तिची पोरं हात मांडीखाली दाबून बसायची.

पण मुंबईत सरावाला दिलेली मुलं आधीच कुणीतरी वळण लावलेली होती. वस्तूंना नावं असतात हेच ज्या पोराला ठाऊक नाही, त्याच्यापुढं बसून काय करायचं, हे वहीत कुठंच नव्हतं.

चौघांत तल्लख होती ती रंभा, दत्तोबाची आठ वर्षांची लेक. दत्तोबा म्हणजे बैलांचे सौदे जुळवणारा हेडी. आरसा पुढं केला की रंभा पाठ फिरवायची. तिचा हात घशाशी न्यायला गेलं की चावायची. एकदा तर अशी चावली की इंद्रायणीनं आठवडाभर बोटाला चिंधी बांधून वर्ग घेतला. चार महिने असेच गेले. आणि एका बाजाराच्या दिवशी रंभा वर्गात आलीच नाही. इंद्रायणी तिला शोधत बैलबाजारात गेली.

रंभा एका खोंडाच्या गळ्यावर तळवा टेकून, डोळे मिटून उभी होती. खोंड हंबरला, तशी ती खुदकन हसली. शेजारी दत्तोबा आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत होते. तोंडं दोघांची दगडी. मग दत्तोबानं तोच हात उपरण्याखालून लेकीकडं सरकवला. रंभानं बोटं दाबली आणि मान हलवली.

“माझी लेक न्हाई म्हणती,” दत्तोबा गिऱ्हाइकाला म्हणाला. “खोंड आतनं खोकतोय. नका घेऊ.”

इंद्रायणी जागच्या जागी थबकली. घशाची थरथर या पोरीला आपल्याहून जास्त कळते, हे तिला दिसलं. फक्त पोरीपर्यंत पोचायचं कुठल्या वाटेनं, एवढाच प्रश्न होता, आणि ती वाट उपरण्याखाली होती.

“दत्तोबा, मला ही बोटं शिकवा.”

“आत्ता गं बया! बाई, ही बायकोला बी शिकवली न्हाईत. अन् तुमचा हात माझ्या उपरण्याखाली? माझी मंजुळा मला या खोंडाशेजारी दावणीला बांधंल!”

बाजार खो खो हसला. इंद्रायणी कानापर्यंत लाल झाली, पण हलली नाही. “मग तुमच्या लेकीला सांगा, मला शिकव म्हणून.”

दत्तोबाचं हसू विरलं. रंभानं कुणाला काही शिकवावं असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. त्यानं लेकीची बोटं दाबली. रंभानं बाईंना खालपासून वरपर्यंत बैलासारखं न्याहाळलं, त्यांचा पदर उचलला आणि त्याखाली त्यांचा हात धरला.

त्या दिवसापासून मांडीखालचे हात सुटले आणि पदराखाली गेले. आधी बोटं, मग वस्तू, मग बोटांवरून ओठ. महिन्याभरानं रंभानं आपणहून बाईंच्या गळ्यावर तळवा ठेवला.

तपासणीला अर्जुनराव आले, काठीसारखे ताठ. खिडकीत अंबुबाई, दारात दत्तोबा. रंभाचा एक हात बाईंच्या गळ्यावर, दुसरा पदराखाली. तिनं बापाकडं पाहिलं.

“बा.”

घोगरा आवाज, पण शब्द. मग जोरात, “बा!” समोरची मेणबत्ती विझली. सौदा करताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे, त्या दत्तोबानं उपरण्यात तोंड लपवलं.

“पदराखाली काय चाललंय?” अर्जुनरावांनी विचारलं.

अंबुबाई खिडकीतून आणखी आत वाकली. इंद्रायणीला थाप मारता आली असती.

“हात, साहेब. नियम मोडलाय मी. मोडला नसता तर ही अजून मला चावतच असती.”

अर्जुनरावांनी स्वतःच्या हातावर रुमाल टाकला आणि तो रंभापुढं धरला. तिनं बोटं चाचपली, मान हलवली.

“काय म्हणते?”

“रागावू नका साहेब,” दत्तोबा म्हणाला, “पण तुम्ही खोंड असता तर तिनं घेतलं नसतं.”

अर्जुनराव पहिल्यांदा हसले. शेऱ्यात त्यांनी एवढंच लिहिलं: ‘शब्द ऐकला. वर्ग चालू ठेवावा.’ पदराचा उल्लेख नाही.

पुढच्या वर्षी मुंबईहून दोन नव्या शिक्षिका पंधरा दिवस इंद्रायणीकडं शिकायला धाडल्या गेल्या. तिनं त्यांच्या वह्या कौतुकानं चाळल्या आणि पहिल्याच बाजाराला दोघींना रंभापुढं उभं केलं. रंभानं एकीचा हात धरून मान डोलावली. दुसरीचा सोडून दिला. ती बिचारी रडकुंडीला आली.

“रडतेस काय,” इंद्रायणी बोटावरचा जुना व्रण दाखवत म्हणाली, “तुला चावली तर नाही ना?”