साहेब कुणाकडे बघून हसले

आमच्या मावशीची उजवी करंगळी कधी वाकली नाही. लहानपणी दारात चेमटली आणि कायमची ताठ झाली. कप धरताना उभी, भाजी चिरताना उभी, कुणाला रागावताना तर उभीच उभी. "हिचा सगळा ताठा करंगळीत साठलाय," असं काका म्हणायचे. काका म्हणजे तिचे यजमान, धंद्याने घड्याळजी. गिऱ्हाईक घड्याळ दुरुस्तीला घेऊन यायचं, साहेबांच्या सिनेमांच्या गोष्टी ऐकून घरी जायचं, आणि घड्याळ बंदच्या बंद दुकानात पडून राहायचं.

साहेब म्हणजे नट. देखणा, रुबाबदार, आणि हसला की समोरच्याला भांडण विसरायला लावणारा. त्यांचं खरं नाव सगळ्या जगाला ठाऊक होतं, पण काकांच्या रसिक मंडळात ते घेणं म्हणजे बापाला नावाने हाक मारण्यासारखं. काका मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची एक रीत होती. साहेबांचा सिनेमा थिएटरात लागला की पडद्यावर ते जे बोलतील ते सगळ्यांनी त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणायचं. ज्याचा शब्द चुकेल त्याच्याकडून मध्यंतरात चहा. काकांवर चहा पाजायची वेळ कधीच आली नव्हती, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

मावशी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिचं मशीन सुरू झालं की शेजारच्या खोलीत फोनवर बोलणं ऐकू यायचं नाही. लग्नाआधी एका सुट्टीच्या दिवशी तिच्या कचेरीत शूटिंग झालं. टायपिस्ट म्हणून जी नटी आणली होती ती एका बोटाने, अक्षर शोधत टाइप करायला लागली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि मावशीला घरून बोलावून घेतलं. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायचं, टाइप करत राहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, अशी तिला तंबी मिळाली. टेबलापलीकडे साहेब उभे. त्या सकाळी ते आपलं वाक्य सारखे विसरत होते. शेवटी वैतागून टेबलावर वाकले आणि मावशीलाच म्हणाले, "बाई, एवढं भराभरा काय टाइप करताय?"

मावशी हात न थांबवता म्हणाली, "तुमचं वाक्य. परत विसरलात तर वाचून म्हणा."

साहेब मान मागे टाकून हसले. "आणि तोच हा फोटो," असं म्हणून मावशी भिंतीकडे बोट दाखवायची.

एकट्या साहेबांचा तो हसरा फोटो मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी होता. काकांच्या दुकानात तर सगळ्या घड्याळांच्या वर. पण सिनेमा आमच्या गावात आला तेव्हा त्यात ना कचेरी होती, ना टाइपरायटर, ना ते हसणं. पुढे कॅसेट आली, टीव्हीवर लागला, तरी नाहीच. "सिनेमा मला तोंडपाठ आहे. तो फोटो स्टुडिओत काढलेला. आमच्या हिला स्वप्न पडलं असणार," असं काका म्हणत. वर पाहुणे आले की, "सांग गं तुझी ती गोष्ट," अशी फर्माईश. पाहुणे खो खो हसत. माझं डोकं तापायचं. मावशी मात्र न चिडता सांगायची. प्रत्येक वेळी तीच गोष्ट, त्याच शब्दांत. एकदा मी म्हटलं, "कशाला सांगतेस? कुणाला पटत नाही." तर म्हणाली, "जगाला नाही पटलं तरी चालेल गं. घरच्या माणसाने एकदा खरं म्हणावं, एवढंच."

साहेब गेल्याची बातमी आली आणि काकांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं. सख्खा भाऊ गेल्यासारखे बसून राहिले. मावशीही त्यांच्याशेजारी बसून रडली. मग मंडळाने जुन्या थिएटरात आठवणींचा कार्यक्रम ठरवला आणि त्यात तोच सिनेमा लावायचा असं पक्कं झालं. मॅनेजरने खटपट करून वितरकाच्या गोदामातून एक जुनी प्रिंट मिळवली. "न तुटता चालली म्हणजे मिळवली," एवढंच तो म्हणाला.

थिएटर गच्च भरलं. स्टेजवर तोच हसरा फोटो. कुणी साहेबांशी हात मिळवला होता, कुणी शर्टावर सही घेतली होती, ती धुतली जाऊ नये म्हणून शर्टच पुन्हा घातला नव्हता. सगळे माइकवर बोलून गेले. मावशी माझ्याबरोबर शेवटच्या रांगेत होती. तिला कुणी बोलावलं नाही.

सिनेमा सुरू झाला आणि सगळं थिएटर साहेबांबरोबर बोलायला लागलं. पुढच्या रांगेतून काकांचा खणखणीत आवाज सगळ्यांच्या वर. साहेबांची बस चुकते तिथपर्यंत सिनेमा आला. त्यानंतर ते थेट घरी पोचतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण पडद्यावर जिना आला. मग एक लांब व्हरांडा. रसिक गप्प झाले, कारण पुढचं कुणालाच येत नव्हतं. काकांनाही नाही.

टाइपरायटरचा कडकडाट ऐकू आला. कॅमेऱ्याकडे पाठ केलेली एक बाई, जाड वेणी, झपाझप चालणारे हात. आणि उजव्या हाताची करंगळी ताठ.

मी मावशीचा हात घट्ट धरला. साहेब टेबलावर वाकले. त्यांचे ओठ हलले, पण मशीनच्या आवाजात शब्द कळले नाहीत. वेणी किंचित हलली. आणि साहेब मान मागे टाकून हसले. स्टेजवरचा फोटो आणि पडदा यांत तसूभर फरक नव्हता.

मध्यंतराचे दिवे लागले. मॅनेजर सांगत होता की लांबला म्हणून सिनेमा नंतर कापला होता, ही पहिलीच प्रिंट असणार. पण त्याच्याकडे लक्ष कुणाचं? सगळ्या माना मागे वळल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "वहिनी, असं काय बोललात तुम्ही?"

मावशी शांतपणे म्हणाली, "अध्यक्षांना विचारा. त्यांनी पुष्कळदा ऐकलंय."

काका माइकपाशी गेले. घसा खाकरला. आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. सुट्टीचा दिवस, एका बोटाने टाइप करणारी नटी, दिग्दर्शकाची तंबी, विसरलेलं वाक्य. सगळं मावशीच्याच शब्दांत, तिच्याच ठेक्यात. कधी खरं न मानलेली गोष्ट या माणसाला अथपासून इतिपर्यंत पाठ होती. माझ्या शेजारी मावशीचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"तुमचं वाक्य," काका म्हणाले, "परत विसरलात तर वाचून म्हणा."

थिएटरात हशा उसळला. तो ओसरेपर्यंत काका थांबले. मग शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, "खरं आहे हे. चूक माझी होती. आज चहा माझ्याकडून."