सात ग्रोस पाच डझन

बटणांच्या कारखान्यात सगळे तिला डझनमावशी म्हणत. तिथलं मोजणं बाराचं. बारा बटणांचं डझन, बारा डझनांचा ग्रोस. गिऱ्हाइकाला मात्र साधा आकडा लागायचा, शेकड्या-हजारातला. हे उलटंपालटं मावशी तोंडी करायची, तेही गप्पा मारता मारता. कॅल्क्युलेटर होता, पण एकदा कुणाचं तरी बोट भलत्याच आकड्यावर पडलं नि अख्खा माल परत आला. तेव्हापासून मालकांचा भरवसा एकट्या मावशीवर.

मालक माणूस चांगला, हीच तर पंचाईत. नवरा गेल्यावर त्यांनीच तिला कामावर घेतलं, कारखान्यामागची खोली दिली. आता परगावच्या लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, येतेस ना गं?" ती फोनवर रोज विचारायची. मावशीने विषय काढला की मालक म्हणायचे, "जा की. फक्त कुणाला तरी तयार करून जा." तयार केलेल्या दोघी त्यांच्या पसंतीला उतरल्या नाहीत. आता ही तिसरी, दोन लेकरांची आई. मावशीचा जीव नुसता गुदमरत होता.

शेवटी तिने ठरवलं, चुकायचं. भरवसा उडाला की सुटका.

"सात ग्रोस पाच डझन," मालकांनी पेटी ओढली. "किती झाले, मावशी?"

"एक हजार अठ्ठेचाळीस." वीस बटणं तिने सरळ गिळली.

"मला अडुसष्ट येतायत," नवी बाई कॅल्क्युलेटर पुढे करत म्हणाली.

मालकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशी सांगतात ते लिही. वाद घालायचा असेल तर उद्यापासून येऊ नकोस."

बाईचा चेहरा पांढरा पडला. मावशीला स्वतःची लाज वाटली.

"तिचं बरोबर आहे," ती म्हणाली. "अडुसष्टच. माझंच चुकलं, मालक. वय झालं आता. मला जाऊ द्या."

मालकांनी पेटीवरचा हात काढला. सुटले बाई, असं तिला वाटून गेलं. मग ते हसले आणि नव्या बाईकडे वळले.

"बघितलंस? स्वतःची चूक स्वतःच पकडतात, वर कबूलही करतात. असं माणूस मी सोडेन होय?" त्यांनी पुढची पेटी सरकवली. "हं मावशी, नऊ ग्रोस दोन डझन."

पिशवीत फोन वाजत होता. लेकीचाच असणार.

"तेराशे वीस," मावशी म्हणाली.