दुधाच्या कॅनमधला कॉम्प्युटर

लोकांचा कॉम्प्युटर काचेच्या पेटीत असतो. आत लाल-निळे दिवे, बांगड्यांच्या दुकानासारखा लखलखाट. माझा दुधाच्या कॅनमध्ये आहे. हसायचं तर हसून घ्या.

सोनपेठच्या अलीकडे आमचं गाव. घरी बसून मी लग्नांचे व्हिडिओ जोडते. पहिला कॉम्प्युटर दुकानातल्या तयार डब्यात होता. शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र चाललं आणि त्या फुफाट्यानं त्याचा जीव घेतला. म्हशी गेल्यापासून डेअरीला दूध घालायची मोठी कॅन ओसरीवर रिकामीच पडलेली होती. वेल्डिंगवाल्याकडून तिच्या बुडाला भोकं पाडून घेतली, पोटाला कपाटासारखं दार करून घेतलं. आत लाकडी फळी उभी केली, तिच्यावर सगळे पार्ट आवळले. भोकांवर पिठाच्या चाळणीची जाळी, गळ्यात पंखा. गरम हवा आपसूक वर जाते, धूळ आत येत नाही, भर मे महिन्यातही यंत्र थंड. मला लय कौतुक होतं माझं. सासूबाईंना मात्र नव्हतं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. ज्या भांड्यात लक्ष्मी ठेवली त्यात हिनं तारा कोंबल्या म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. लागेल तेवढं बोलायच्या, तेही भिंतीकडं बघून.

एक भीती मात्र पहिल्या दिवसापासून मनात होती. कॅन धातूची. आत एक तार जरी उघडी पडली, तरी अख्खी कॅन करंटची. कापलेल्या पत्र्याच्या कडा चाकूवाणी असतात म्हणून प्रत्येक कडेला मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले होते, तरी धाकधूक जाईना. आमच्याच गल्लीत एक बाई तारेवर धुणं वाळत घालताना चिकटली होती. तिला ओढायला धावलेली तिची जाऊही गेली. तेव्हापासून गावात लेकराबाळांनाही ठाऊक आहे, चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कॅन पुसायला गेले आणि कोपरापर्यंत झिणझिणी आली. हात झटकला. टेस्टर लावला तर लागलीच पेटला. आधी पिन उपसली. नवरा म्हणाला, अर्थिंगचा खड्डा वाळलाय, दुसरं काही नाही. आमच्याकडं सगळ्या दुखण्यावर हाच इलाज. फ्रीज चावला, घाल खड्ड्यात पाणी. मोटर चावली, घाल खड्ड्यात पाणी. त्यानं भिंतीजवळच्या खड्ड्यात घागर ओतली, पिन लावून टेस्टर टेकवला. उजेड मिणमिणता झाला. झालं, गेला करंट, म्हणून मोकळा. मी पिन परत काढली आणि बजावलं, सण झाला की मी दार उघडून तार न् तार बघणार, तोवर पिनीला कुणी हात लावायचा नाही. हो हो म्हणाला.

सकाळी विळे, खुरपी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळं ओळीनं मांडलं. नवरा ट्रॅक्टर पुजायला शेतात गेला. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. हात राखेनं भरलेले. तेवढ्यात घुं घुं आवाज कानावर आला.

कॅनचा पंखा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पूजेच्या दिवशी यंत्र मुकं नसावं म्हणून आमचा शहाणा जाता जाता पिन लावून, बटण दाबून गेला होता.

आतल्या खोलीच्या दारात आले. आत्याबाई नुकत्या न्हालेल्या, ओलेत्यानं, नुकत्या पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी कॅनपुढं उभ्या होत्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताची पाची बोटं हळद-कुंकवात बुडवलेली. पिन त्यांच्या पलीकडं. मी ओसरीकडं पळाले आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला. माझा खटका आधी पडला की त्यांची बोटं आधी टेकली, देव जाणे.

परत आले तर पंखा बंद होता. पण आत्याबाई तशाच होत्या. बोटं कॅनला टेकलेली, डोळे मिटलेले, हालचाल नाही. मी हाक मारली. ओ नाही. चिकटल्या, एवढंच डोक्यात आलं. लाईट गेलीय हेही सुधरेना. हात पुढं गेला आणि ती जाऊ आठवून मागं आला. अशी भीती मी जन्मात पाहिली नव्हती. कोपऱ्यातला लाकडी पाट उचलला, त्यांच्या हातावर हाणायला वर उगारला.

त्यांनी डोळे उघडले. सून डोक्यावर पाट घेऊन उभी. रागावतील वाटलं, पण हळूच म्हणाल्या, "थांब की गं. काल तुझा हात झटकलेला म्या बघितला. म्हणलं ह्या कॅनला आधी हळदकुकू लावावं, हात जोडावं. माझ्या लेकीला सोड म्हणावं."

पाट हातातून सुटला. मी कॅनचं दार उघडलं. वाळून ट्यूबचा तुकडा तडकला होता आणि तारेचं उघडं तांबं कडेला टेकलं होतं. बाहेरून त्याच जागी त्यांच्या पाच बोटांचे ओले पट्टे. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

आत्याबाई शेजारी टेकल्या. ओल्या पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडायलीस कशाला?" म्हणाल्या. "आता न्हाई धरायची ती तुला."