आपली गोळी आपणच पाहायची

आर्डिस स्कार बंदूक घ्यायला गावात गेली, तेव्हा तिने एकाहत्तरी ओलांडली होती, आणि उभ्या आयुष्यात स्वतःसाठी बंदूक तिने कधी घेतली नव्हती. घरात चार होत्या. चारही तिच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या. चारही उजव्या हाताच्या, आणि आर्डिस डावखुरी.

त्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. त्याने एकदा बंदूक डाव्या खांद्याला लावून बघावी. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर काढायचं असतं, आणि बोल्टची मूठ असते उजवीकडे. म्हणजे डावा हात नाकासमोरून पलीकडे न्या, मूठ चाचपडा, ओढा, ढकला, आणि परत येईपर्यंत समोरचं जनावर बिळात जाऊन झोपलेलं असतं. जगातल्या वस्तू बनवणाऱ्यांना डावखुरी माणसं दिसतच नाहीत. आर्डिसने त्याचा कधी बोभाटा केला नाही. तिने बेचाळीस वर्षं दुसरं काम केलं. ऑरिन बंदुकीवर, ती शेजारी दुर्बीण घेऊन. गोळी कुठे पडली ते ती सांगायची. "उजवीकडे, तीन बोटं." ऑरिन म्हणायचा, "ऐकलं." आणि पुढची गोळी चुकत नसे. गावात नाव ऑरिनचं झालं, नेमबाज म्हणून. तिने तेही मनाला लावून घेतलं नाही.

मोंटानाच्या त्या भागात गवत हेच पीक. घरापासून ओढ्यापर्यंत ऐंशी एकरांचं कुरण. जुलैत कापायचं, गासड्या बांधायच्या, हिवाळाभर जनावरांना घालायचं. आणि त्या कुरणात गोफर. म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारी खार. पाठीमागच्या दोन पायांवर खुंटीसारखी उभी राहते, शिट्टी मारते आणि गवत मुळापासून खाते. पाच-पन्नास असले तर कोणी लक्ष देत नाही. पण गेल्या वर्षी कापणीयंत्राचे दात मातीच्या ढिगाऱ्यांत अडकून तीनदा मोडले, गवत निम्म्यावर आलं, आणि क्लोव्हर या म्हाताऱ्या घोडीचा पाय बिळात जाऊन ती जन्माची लंगडी झाली. मुलगी जोलीन बिलिंग्जला असते. तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "मॉम, या जुलैतही गवत आलं नाही, तर कुरण भाड्याने दे आणि इकडे ये. तळघरातली खोली तयारच आहे." खोलीला खिडकी होती. तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसायची.

तालुक्याच्या कचेरीतला माणूस विषारी ओट्सचं पोतं घेऊन आला होता, फुकट. आर्डिसने त्याला पायरीवरूनच परत लावलं. "गोफर मरतील, मग ते खाऊन ससाणे मरतील, मग बिज्जू. तुमच्या कागदावर सगळे एकाच रकान्यात मरतात. माझ्या कुरणात तसं होणार नाही."

राहिली बंदूक. आणि वेळ थोडा. मेच्या मध्यावर पिल्लं बिळाबाहेर येतात, एकेका मादीची सहा-सात. त्याआधी जे काय करायचं ते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. एप्रिलचा पहिला शनिवार आला की दारावर टकटक व्हायची. त्या मुलखाचा रिवाजच तो. दुसऱ्याच्या कुरणात गोफर मारायला जायचं तर आधी त्याच्या दारात टोपी काढून विचारायचं, मग तो सख्खा शेजारी का असेना. लायल वेड पुढे, मागे आणखी चौघं. लायल आणि आर्डिस एका वर्गखोलीच्या शाळेत एकाच बाकावर शिकलेले, तरी दरवर्षी तो टोपी हातात घेऊन म्हणायचा, "आर्डिस, तुझ्या कुरणात शिरू का?" ती म्हणायची, "आधी बूट पुस." दालचिनीचे रोल, कॉफी, दुपारी राजमा-खिम्याची चिली. संध्याकाळपर्यंत कुरण गप्प व्हायचं आणि घर बोलत राहायचं.

ऑरिन गेला त्याला दोन वर्षं झाली. दोन एप्रिल आले आणि गेले. टकटक झाली नाही. पहिल्या वर्षी तिने रोल केले होते. ते कोंबड्यांनी खाल्ले. दुसऱ्या वर्षी केलेच नाहीत. माणसं ऑरिनसाठी येत होती, आपल्यासाठी नाही, असा हिशेब तिने मनाशी मांडला आणि मिटवून टाकला. चर्चमध्ये भेटले की मान हलवायची, बस. मागून कोणाच्या सहानुभूतीचा तुकडा घ्यायचा, हे तिच्या रक्तात नव्हतं.

दुकानात काउंटरमागे कोल्बी होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, लायलचा पुतण्या. त्याने तिला पाहिल्याबरोबर भिंतीवरची सगळ्यात मोठी बंदूक उतरवली.

"ही बघा मिसेस स्कार. जाड नळी, तेज काडतूस, वर चोवीसपट दाखवणारी दुर्बीण. चारशे यार्डांवर गोफरच्या मिशा मोजाल."

"मला मिशा मोजायच्या नाहीत. इकडे दे."

तिने उचलली, खांद्याला लावली, खाली ठेवली. "ही बंदूक आहे का कुंपणाचा खांब?"

"वजन असलं की हलत नाही ती."

"मग मीही हलणार नाही जागची. गुडघा बघितलास माझा? धक्का किती देते?"

"हरणाच्या बंदुकीपुढे काहीच नाही."

"मी हरणाचं विचारलं नाही. गोळी सुटल्यावर दुर्बिणीत चित्र राहतं का जातं?"

कोल्बी थांबला. हा प्रश्न त्याला कोणी विचारत नसे. येणारे विचारायचे किती लांब, किती जोरात. "जातं जरा. नळी उचलते, क्षणभर आभाळ दिसतं. पण त्याचं काय एवढं? शेजारी बसलेला सांगतो ना, कुठे पडली ते."

"शेजारी कोण बसलंय?"

कोल्बीने मोठी बंदूक परत भिंतीवर टांगली.

"बेचाळीस वर्षं शेजारी मीच बसत होते, कोल्बी. आता मी बंदुकीवर बसणार, तर शेजारची जागा रिकामी. म्हणून मला अशी बंदूक दे, जिचं चित्र हलत नाही. आपली गोळी आपणच पाहायची आहे मला."

कोल्बी मागच्या खोलीत गेला. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. आला तेव्हा त्याच्या हातात एक मध्यम बंदूक होती, दस्त्यावर धूळ. "ही तीन वर्षं पडून आहे. कोणी हातच लावत नाही. काडतूस बारीक, टू-ओ-फोर. गोळी सुसाट जाते, पण खांद्याला कळतसुद्धा नाही. आणि..." त्याने ती फिरवून धरली.

बोल्टची मूठ डावीकडे होती.

आर्डिसने ती खांद्याला लावली. मूठ उचलली, ओढली, ढकलली, पाडली. गाल दस्त्यावरून हलला नाही. परत केलं. आणखी एकदा. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा एखाद्या वस्तूने तिला वळसा घालायला लावला नव्हता. तिने बंदूक काउंटरवर ठेवली. कोल्बीला वाटलं, पसंत पडली नाही.

"डाव्या हाताची आहे म्हणून किंमत थोडी कमी करून..."

"गप्प बस. दुर्बीण दाखव."

त्याने पुन्हा चोवीसपटीचीच काढली. सवय जात नाही माणसाची. तिने हाताने बाजूला सारली. "दहा वाजले की जमिनीतून वाफ उठते. चोवीसपटीतून गोफर दिसत नाही, उकळतं पाणी दिसतं. आणि एवढ्याशा भोकातून बघायचं, तर गोळी चार बोटं बाजूला पडली तरी दिसायची नाही. मला कुरण दिसलं पाहिजे, गोफरचं नाक नाही." शेवटी चारपासून बारापटीपर्यंत जाणारी साधी दुर्बीण ठरली. तिचा चष्मा दोन भिंगांचा. खालच्या भिंगातून पाहिलं की कडेला काळी चंद्रकोर यायची. कोल्बीने दुर्बीण पुढे-मागे सरकवत, तिला पुन्हा पुन्हा गाल टेकवायला लावत, ती चंद्रकोर घालवली. ते काम त्याने मन लावून केलं, हे सांगायला हवं. गोळ्या तिने शिशाच्या घेतल्या नाहीत. मेलेले गोफर ससाणे उचलतात, आणि शिसं त्यांच्या पोटात जातं.

सरकारी कागद भरताना कोल्बी म्हणाला, "एवढे गोफर झालेत, तर काकांना का नाही बोलावत?"

"तुझे काका येत नाहीत."

"येणार कसे? तुम्ही खांब रंगवलेत ना."

आर्डिसने पेन खाली ठेवलं.

ऑरिन गेला त्या शरदात तीन परके शिकारी गाडी घेऊन ओल्या कुरणात घुसले होते. चाकांचे चर अजून दिसतात. आर्डिसने दुसऱ्याच दिवशी फाटकाचे दोन्ही खांब भगभगीत नारिंगी रंगवले. त्या राज्यात नारिंगी खांबाचा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळतो. विचारल्याशिवाय आत पाऊल नाही. रंग परक्यांसाठी होता. रस्त्यावरून जाताना तो ओळखीच्यांनाही दिसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"विचारल्याशिवाय, असा अर्थ आहे त्याचा," ती म्हणाली. "तुझे काका विचारूनच यायचे."

"काका म्हणाले, पन्नास वर्षांत त्या घराने खांब नारिंगी केले नव्हते. आता रंगवलेत म्हणजे आर्डिसला माणसं नको झालीत. दुःखातल्या बाईच्या दाराशी कशाला जायचं."

"तोंड शिवलं होतं का त्याचं? फोन करायचा."

"फोन तुमच्याकडेही होता, मिसेस स्कार." कोल्बीने हे कागदाकडे बघत म्हटलं.

तिने सही केली. घट्ट, कागद फाटेल अशी.

सोमवारी सकाळी तिने घडीचं टेबल कुरणाच्या कडेला नेलं, त्यावर ओट्सची पिशवी ठेवली, पिशवीवर बंदूक. समोर टेकाड, म्हणजे चुकलेली गोळी मातीतच जाईल. वारा उजवीकडून. दीडशे यार्डांवर एक गोफर खुंटीसारखा उभा. तिने श्वास सोडला, चाप दाबला. चित्र हललं नाही. गोफरच्या डावीकडे धुळीचा एवढासा फवारा उडाला, तिने स्पष्ट पाहिला.

"डावीकडे, चार बोटं," ती मोठ्याने म्हणाली.

आणि थांबली. "ऐकलं" असं कोणी म्हणालं नाही. तिलाच हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. तिने मूठ ओढली, ढकलली, चार बोटं उजवीकडे धरलं. गोफर पडला.

दहा वाजेपर्यंत अकरा मारून झाले. मग वाफ उठली. आर्डिस टेबलाशी बसून राहिली. ऐंशी एकरांत शिट्ट्या चालल्या होत्या, ओढ्यापर्यंत. एक थांबली की पाच सुरू. बंदूक चांगली होती, हात चांगला होता, डोळा चांगला होता. तरी एका माणसाचं काम नव्हतं ते. हे तिला दुकानात पेन खाली ठेवलं तेव्हाच कळलं होतं.

फोन तिने केला नाही. तेवढं वाकणं तिच्याच्याने होणार नव्हतं. पण दुपारी गोठ्यातून ऑरिनचा राखाडी रंगाचा डबा काढला, वरची साय काठीने मोडली आणि फाटकाच्या खांबांवर पहिला हात मारला. खालून नारिंगी डोकावत राहिलं. मंगळवारी दुसरा हात दिला. मग नाही डोकावलं.

बुधवारी कोणी आलं नाही. गुरुवारी टपालाची गाडी आली आणि जोराने निघून गेली. शुक्रवारी तिने सतरा गोफर मारले, आणि रोलसाठी कणीक भिजवून ठेवली. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी लायलची गाडी फाटकाशी थांबली. आत आली नाही. आर्डिस खिडकीतून बघत होती. लायल उतरला, खांबाजवळ गेला आणि बोटाने खांब दाबून पाहिला. ती चालत फाटकापर्यंत गेली. गुडघ्यामुळे तिला वेळ लागला, आणि तोही जागचा हलला नाही.

"ओला आहे का?" त्याने विचारलं.

"मंगळवारीच वाळलाय."

"राखाडी."

"राखाडीच होते आधी."

"हो, तेच." त्याने टोपी काढली. डोक्यावरचे केस दोन वर्षांत पार गेले होते. "गोफर फार दिसतात, आर्डिस."

"दिसणारच. दोन वर्षं कोणीतरी वाढू दिलेत."

लायलने ते गिळलं. मग टोपी दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुझ्या कुरणात शिरू का?"

"शीर. बंदूक राहू दे गाडीतच, बाकीची मंडळी येईपर्यंत." तिने गळ्यातली ऑरिनची दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली. पट्टा घामाने काळा झालेला. "तू बघ. मी मारते."

"मी?"

"का, डोळे गेले का केसांबरोबर?"

टेबलाजवळ तिने दुसरी खुर्ची आणून ठेवली. लायल बसला, कुरकुरत दुर्बिणीचं चाक फिरवू लागला. दोनशे यार्डांवर एक मोठा नर उभा राहिला. आर्डिसने गाल टेकवला, चाप दाबला. चित्र जागच्या जागी राहिलं. गोफरच्या डोक्यावरून मागच्या ढिगाऱ्यात धूळ उडाली. दोन बोटं वर. लख्ख दिसलं तिला.

गोफर चाहूल घेत उभाच होता. तिने बोल्ट ओढला, ढकलला, आणि बोट चापाबाहेर ठेवून थांबली. शेजारी लायल अजून चाक फिरवत होता.

"वर," तो शेवटी म्हणाला. "दोन बोटं वर गेली."

"ऐकलं," आर्डिस म्हणाली.